कैद्याने कमावलेले दिवस त्याच्या खात्यावर कधी पडणार? कारागृह विभागाला खुले पत्र

प्रति,
मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य
आणि
मा. प्रमुख, कारागृह व सुधारसेवा विभाग, पुणे

स. न. वि. वि.

मी तुमच्याच खात्यातला माणूस. राज्यातल्या एका मध्यवर्ती कारागृहाच्या कारखान्यात सुतारकाम निदेशक होतो आणि तिथूनच निवृत्त झालो. हे पद बाहेर फारसे कुणाला ठाऊक नसते. शिक्षाबंद्यांना, म्हणजे शिक्षा झालेल्या कैद्यांना, रंधा, पटाशी, करवत धरायला शिकवायचे, त्यांच्याकडून सरकारी कचेऱ्यांची टेबले, खुर्च्या, कपाटे करून घ्यायची आणि दिवस संपताना कुणी किती टास्क, म्हणजे नेमून दिलेले काम, पुरा केला ते वहीत लिहून खाली सही करायची. हे पत्र त्या वहीपायी लिहितो आहे.

मी निवृत्त झालो आणि माझी जागा भरली गेली नाही. सुतारकाम विभागाला कुलूप लागले. रंधे गंजले असतील, त्याचे मला नवल नाही. सरकारी मालाला गंज चढायचाच. पण त्या विभागात राबणाऱ्या माणसांचे काय झाले ते परवा कळले. त्यांच्यातल्या एकाची आई पत्ता विचारत विचारत माझ्या घरी आली. तिने आणलेल्या कागदांत मुलाच्या माफीचा, म्हणजे शिक्षेतून कमी झालेल्या दिवसांचा, तक्ता होता. वागणुकीच्या माफीचे रकाने नीट भरलेले. कामाच्या माफीचे रकाने मी निवृत्त झालो त्या महिन्यापर्यंत भरलेले आणि पुढे ओळीने आडव्या रेघा. मुलाने दुसरे काम मागितले होते, तसा अर्जही दिला होता. उत्तर मिळाले ते तोंडी: काम नाही तर कामाची माफी कसली?

दिवाळीपर्यंत पोरगा घरी येईल या हिशेबाने बाईंनी मागच्या खोलीवर नवे पत्रे टाकून घेतले होते. आता तारीख कधीची, हे त्यांना कुणी सांगत नाही.

हा पोरगा माझ्या हाताखाली तयार झालेला. आत आला तेव्हा गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचे हत्यार, हेही त्याला माहीत नव्हते. पुढे खिळा न ठोकता असा सांधा बसवायचा की नख जाऊ नये. एका जिल्हा न्यायालयाला आमच्याकडून आरोपीचा पिंजरा गेला, तो त्याने आणि आणखी दोघांनी मिळून केला. त्या कामावर कारखान्यात जे विनोद झाले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

हे पत्र खात्याबाहेरचेही लोक वाचतील, म्हणून थोडे मागचे सांगतो. सश्रम कारावास म्हणजे न्यायालयाने शिक्षेतच काम घातलेले असते. १८९४ च्या कारागृह कायद्याने त्या कामाला दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली आहे. माफीचे आपल्या राज्याचे नियम १९६२ चे. चांगल्या वागणुकीबद्दल महिन्याला काही दिवस, नेमून दिलेले काम पुरे केल्याबद्दल काही दिवस आणि खास कामगिरी असेल तर विशेष माफी. हे दिवस शिक्षेतून वजा होतात. सुटकेची तारीख अलीकडे येते ती अशी, मुंगीच्या पावलाने.

जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे, असे पारावर बसलेला कुणीही छातीठोकपणे सांगतो. तसे नाही. गांधीहत्येत जन्मठेप झालेल्या गोपाळ गोडसेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९६१ सालीच सांगितले की जन्मठेप ही आयुष्यभराची. सरकारने सूट दिली तरच त्याआधी सुटका. पुढे १९७८ मध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेत ४३३-अ कलम आले, आता ते नागरिक सुरक्षा संहितेत ४७५ आहे. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकली असती, त्यात जन्मठेप झाली तर निदान चौदा वर्षे प्रत्यक्ष आत काढावीच लागतात, माफी कितीही साठलेली असो. पण मुदतपूर्व सुटकेच्या राज्याच्या २०१० च्या निकषांत गुन्ह्याच्या गटागटाप्रमाणे जी एकूण वर्षे ठरवली आहेत, ती माफी धरून मोजली जातात. म्हणजे जन्मठेपवाल्यालाही निदेशकाच्या वहीतली एकेक सही लागते.

माफी म्हटले की लोकांना दोनच गोष्टी आठवतात. एक, २०१६ मध्ये येरवड्यातून मुदतीआधी सुटलेला संजय दत्त. दुसरी, बिल्कीस बानो प्रकरणातले अकरा जण. त्यांना गुजरात सरकारने सोडले, जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द केली आणि खटला मुंबईत चालला असल्याने हा अधिकार महाराष्ट्र सरकारचा होता, असेही सांगितले. त्या निकालाने मला बरे वाटले. सरकारच्या मर्जीने एका फटक्यात मिळणारी सुटका वेगळी आणि रोज घाम गाळून साठवलेले दिवस वेगळे. दत्त आत कागदी पिशव्या करायचा. त्याला मिळालेले दिवस नियमानुसारच होते असे सरकारने उच्च न्यायालयात सांगितले आणि २०१८ मध्ये न्यायालयाने ते मान्य केले. ठीक आहे. त्याच्या पिशव्यांचा हिशेब इतका चोख राहिला, मग माझ्या पोराच्या पिंजऱ्याचा का राहत नाही?

आता तक्रारी. नोकरीत असताना यातल्या काही मी वर कळवल्या होत्या, म्हणून भाषा ओळखीची वाटेल.

पहिली आणि सगळ्यांत मोठी: काम देणे तुमच्या हातात, आणि काम नसल्याची शिक्षा मात्र कैद्याला. निदेशक नाही, लाकूड आले नाही, निविदा अडकली, यंत्राचा पट्टा तुटला, यातले काहीही झाले की विभाग बंद. बंद विभागातल्या माणसाला दुसरीकडे लावायचे तर तिथे आधीच दाटी. मग तो दिवसभर बराकीत. खुशीने बसलेला नसतो, बसवलेला असतो. २०२४ च्या सुरुवातीला खात्याने २५५ पदांची जाहिरात काढली. तिच्यात सुतारकाम निदेशक होता, विणकाम निदेशक होता, करवत्या, कातारी, जोडारी, अशी कितीतरी पदे होती. जाहिरात वाचून मला आनंद झाला आणि संतापही आला. इतक्या जागा रिकाम्या राहीपर्यंत मधल्या काळात त्या त्या कारखान्यांत काय चालले होते, हे मला कुणी सांगायला नको. प्रत्येक रिकाम्या पदामागे माफीच्या तक्त्यातल्या किती आडव्या रेघा आहेत, याची बेरीज खात्याने एकदा तरी करावी.

दुसरी गोष्ट कामाच्या वाटपाची. आत कुणाला कोणते काम मिळते यावर मजुरी ठरते, दिवस कसा जाणार ते ठरते आणि माफीही ठरते, कारण स्वयंपाकघर, सफाई, रात्रीची वॉचमनगिरी अशा कामांना जादा दिवस मिळतात. शिकलेला, बऱ्या घरचा माणूस आला की आठवड्याभरात तो ऑफिसात रायटर, म्हणजे लिखापढी करणारा कैदी, म्हणून बसलेला दिसतो. नंदीवाला, पारधी, वडार अशा घरचा पोरगा आला की त्याच्या हातात झाडू. लेखी हुकूम कुणी काढत नाही, काढावा लागतही नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर तुरुंगातली जातीवरून होणारी कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवली, नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला लावला आणि राज्यांना नियमावल्या तीन महिन्यांत दुरुस्त करायला सांगितल्या. नियमावलीतली ओळ खोडणे सोपे आहे. काम वाटणाऱ्या मुकादमाच्या डोक्यातली ओळ खोडायची तर वाटपाची यादी कारण लिहून भिंतीवर लावावी लागेल, सगळ्यांना दिसेल अशी. तशी यादी मी माझ्या नोकरीत पाहिली नाही.

तिसरी गोष्ट हिशेबाची. कैद्याच्या हिस्ट्री तिकिटावर, म्हणजे त्याच्या शिक्षेच्या नोंदपत्रकावर, माफीची नोंद होते, पण आपली माफी किती झाली हे त्याला सहज पाहता येत नाही. विचारावे तर रायटरला विचारायचे, रायटर म्हणणार साहेब आले की बघतो. बँकेत शंभर रुपये ठेवणाऱ्याला पासबुक मिळते. आयुष्यातले दिवस जमा करणाऱ्याला चिठोरेही नाही. बरे, यासाठी नवे काही उभारायचीही गरज नाही. कैद्यांच्या नोंदींची ई-प्रिझन्स ही संगणक प्रणाली देशभरच्या तुरुंगांत आहे, आपल्याकडेही आहे. एक बटण दाबून कागद बाहेर काढायचा आहे.

जमा करायला उशीर, कापायला नाही. रजेवरून उशिरा परतलेल्या माणसाची माफी एका दिवसास पाच दिवस या दरानेही कापली गेलेली मी पाहिली आहे. चाळीसगावजवळच्या खेड्यातून येणाऱ्याची एसटी चुकली की कमावलेले पाच दिवस गेले. अशा कपातीवर जिल्हा न्यायाधीशांची नजर हवी, हे कैद्यांच्या हक्कांवरच्या सर्वोच्च न्यायालयातल्या सुनील बत्रा खटल्यापासून चालत आलेले तत्त्व आहे. कागद न्यायाधीशांकडे जातात, पण त्या माणसाचे म्हणणे त्या कागदांत किती असते ते उघडून बघा. तीच गत रजांची. संचित रजेचे (फर्लो) दिवस शिक्षेत धरले जातात, अभिवचन रजेचे (पॅरोल) धरले जात नाहीत. आई वारली म्हणून अभिवचन रजेवर गेलेल्याला परत आल्यावर हे कळते. जायच्या आधी त्याला मराठीत दोन ओळी वाचून दाखवायला कुणाची ना आहे?

कच्च्या कैद्यांबद्दल लिहायचे तर वेगळे पत्र लागेल. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती, त्यांतले ४,३४,३०२ कच्चे कैदी. चारांतले तीन. ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही, त्यांना कामाला जुंपता येत नाही, हे बरोबरच आहे. पण ज्याला स्वतःहून काम हवे आहे त्यालाही आपण वर्षानुवर्षे बराकीत बसवून ठेवतो. पुढे त्याला शिक्षा झाली तर आत काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतले ४२८ कलम, आता नागरिक सुरक्षा संहितेतले ४६८. मात्र त्या दिवसांवर माफी शून्य. पाच वर्षे खटला चालला आणि सात वर्षे शिक्षा झाली, तर माफी कमवायला उरली फक्त दोन वर्षे. ज्याचा खटला लवकर निकालात निघाला तो त्याच गुन्ह्याला त्याच्या आधी घरी जातो. खटला लांबला यात त्या माणसाचा काय दोष होता?

अमली पदार्थांच्या कायद्यातले ३२-अ कलम राज्याच्या हातात नाही, हे मला कळते. १९८९ मध्ये ते घातले गेले आणि सेवनाचा गुन्हा सोडून त्या कायद्याखाली शिक्षा झालेल्याला माफी बंद झाली. महाराष्ट्रातूनच गेलेल्या दादू खटल्यात २००० साली सर्वोच्च न्यायालयाने त्या कलमाचा अपिलाच्या वेळी शिक्षा थांबवण्यापुरता भाग काढला, माफीवरची बंदी तशीच ठेवली. पण हे सांगायचे कुणी? माझ्याकडे एक मुलगा होता, पॉलिशचे काम इतके सुरेख करायचा की साहेब लोक बोटाने घासून बघायचे. आपली माफी साठते आहे या समजात तो राबत होता. एका गणेशोत्सवात बराकीतल्या वकील कैद्याने त्याला कायदा सांगितला. दुसऱ्या दिवशी तो कामावर आला, खाली बसला आणि पॉलिश पेपर हातात तसाच धरून राहिला. मी त्याला काही बोललो नाही. राज्याने निदान केंद्राला लिहावे की किरकोळ प्रमाणाच्या गुन्ह्यांत तरी कामाची माफी मिळू द्या. आणि तोवर पहिल्याच दिवशी त्याला खरे सांगावे.

खुल्या कारागृहांचा अनुभव मात्र आपल्याच राज्याने देशाला दिला. आटपाडीजवळचे स्वतंत्रपूर औंध संस्थानाच्या काळात उभे राहिले, पैठणच्या खुल्या कारागृहात कैदी शेती पिकवतात. तिथे महिन्याला तीस दिवस माफी, म्हणजे दिवसाला दिवस. कुंपण नाही, तरी माणसे सहसा पळत नाहीत. इतका चांगला अनुभव पदरी असून तिथे जाण्याची निवड कधी होते, कुणाची होते, कुणाची का होत नाही, हे आतल्या माणसाला कळत नाही. बायकांसाठी तर अशा जागा बोटांवर मोजण्याइतक्या.

मजुरीबद्दल थोडक्यात. २०२३ मध्ये दर वाढले: कुशल ७४ रुपये, अर्धकुशल ६७, अकुशल ५३, खुल्या कारागृहात ९४. त्याच वर्षी रोजगार हमीवर महाराष्ट्रात दिवसाला २७३ रुपये मिळत होते. कैद्याला न्याय्य मजुरी द्या, खाण्यापिण्याचा खर्च त्यातून वळता करा, काही भाग गुन्ह्याने ज्यांचे नुकसान झाले त्यांच्यासाठी ठेवा, असे सर्वोच्च न्यायालय १९९८ मध्ये गुजरातच्या प्रकरणात बोलून गेले आहे. ५३ रुपयांतून कुणाच्या वाट्याला काय येणार? गंमत म्हणजे याच मजुरीच्या जोरावर राज्य सहकारी बँकेने २०२२ मध्ये येरवड्यात जिव्हाळा योजना काढून कैद्यांना पन्नास हजारांपर्यंत कर्ज देऊ केले. बँकेचा त्यांच्या श्रमावर विश्वास बसला, खात्याचा बसायचा आहे.

मला हमखास विचारतात, ज्याच्या घरातला माणूस मारला गेला त्याने हे ऐकून काय करायचे? प्रश्न रास्त आहे आणि मी तो झटकत नाही. त्या घराचे दुःख कुठल्या तक्त्यात मावत नाही. पण शिक्षा किती, हे न्यायालय ठरवते. माफीचे नियम सरकारने केले, तेही उघडपणे, राजपत्रात छापून. या दोघांच्या वर कारखान्याच्या दाराला लागलेल्या कुलपाने कुणाची शिक्षा लांबवावी, हा अधिकार त्या कुलपाला कुणी दिला? आणि ज्याच्या हाताला आत काम मिळाले नाही, तो बाहेर येऊन कोणते काम करणार, हेही त्याच घराने विचारावे.

म्हणून माझ्या मागण्या अशा:

कारखाना किंवा विभाग प्रशासनाच्या कारणाने बंद असेल, तर काम करायला तयार असलेल्या शिक्षाबंद्याला त्या काळाची कामाची माफी पूर्ण द्या. मागच्या वर्षांच्या नोंदी तपासून हे पूर्वलक्षी प्रभावाने करा. या पत्रातली दुसरी कुठलीच मागणी मान्य झाली नाही तरी ही व्हावी.

दर तीन महिन्यांनी प्रत्येक शिक्षाबंद्याला माफीचा छापील हिशेब मराठीत द्या: वागणुकीची किती, कामाची किती, कापली किती, का, आणि आजच्या घडीला सुटकेची तारीख कोणती. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवा. प्रत नातेवाईकांना मुलाखतीच्या वेळी मागता यावी.

कामाचे वाटप करणाऱ्या समितीत बाहेरचा एक माणूस घ्या, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा असला तरी चालेल, आणि यादी कारणांसह लावा.

कच्च्या कैद्यांना त्यांच्या इच्छेने काम आणि मजुरी द्या. पुढे शिक्षा झाली तर त्या कामाची माफी मोजता येईल अशी दुरुस्ती १९६२ च्या नियमांत करा.

मुदतपूर्व सुटकेला पात्र झालेल्यांचे प्रस्ताव अर्जाची वाट न पाहता मांडा. धोरण असेल तिथे अर्ज नसला तरी विचार करणे सरकारवर बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगितले आहे.

निदेशकांची पदे निवृत्तीच्या तारखेआधी भरा. कोण कधी निवृत्त होणार हे खात्याला नोकरीच्या पहिल्या दिवशीच माहीत असते.

गेटवर आपण ‘सुधारणा व पुनर्वसन’ अशी पाटी लावली आहे. मी त्या पाटीखालून वर्षानुवर्षे आत गेलो आणि आत बरेच चांगले कामही पाहिले. नाशिकरोडच्या कारागृहात घडलेल्या गणेशमूर्ती लोक घरी नेऊन पुजतात. आमचेच अधिकारी, आमचेच हवालदार, त्यांतले कित्येक स्वतःच्या खिशातून कैद्यांना चष्मे आणून देणारे. त्यांच्यावर हे पत्र नाही.

त्या बाईंच्या मुलाचा अर्ज मी त्यांच्याकडून पुन्हा लिहून घेतला आहे. तक्त्याची झेरॉक्स जोडून तो रजिस्टर टपालाने तुमच्याकडे पाठवला आहे. त्याचे लेखी उत्तर त्यांना मिळावे, हो असो वा नाही. आणि सुतारकाम विभागाला नवा माणूस मिळेपर्यंत मी यायला तयार आहे. मानधन नको. हत्यारांना धार लावून देतो, शिकवतो, वहीवर सही करण्याचा अधिकार तेवढा लेखी द्या, म्हणजे त्या सहीचे दिवस धरले जातील.

आपला,
एक निवृत्त सुतारकाम निदेशक